जो अध्याय येईल तो

आमच्या घरात संध्याकाळी सात वाजता प्रार्थना होते. पाहुणे असोत, लाइट गेलेली असो, कुणाचं डोकं दुखत असो की गॅसवर वरण उतू जात असो, सात म्हणजे सात. आधी एक गीत, मग बायबलातला एक अध्याय, मग गुडघे टेकून प्रार्थना आणि त्यानंतर जेवण. लग्न होऊन मी अमरावतीत या घरात आले तेव्हापासून हे असंच चाललं आहे. पहिल्या आठवड्यातच मला कळलं की इथं अध्यायाचाही एक कायदा आहे. अध्याय निवडायचा नाही. काल जिथं खुणेची फीत ठेवली त्याच्या पुढचा वाचायचा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं, आणि शेवटचं पान झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं. एका फेरीला तीन वर्षांच्या वर लागतात.

कायदा माझ्या सासऱ्यांचा, आणि तो माझ्या नवऱ्यानं त्यांच्याहून कडक चालवला. हे बसवर कंडक्टर होते, अमरावती ते अकोला, दर्यापूरवरून. मुक्कामाची ड्यूटी असली तर दुसऱ्या दिवशी घरी येऊन दोन अध्याय वाचायचे. मला आधी वाटलं, नवीन नवीन आहे म्हणून मला दाखवून राहिले. पण नाही, तो माणूस तसाच आहे. तिकीट न देता त्यांनी कधी स्वतःच्या सख्ख्या भावालाही बसू दिलं नाही.

या कायद्यानं माझी किती वेळा फजिती केली, ते मलाच ठाऊक. मोठ्या मुलीला पाहायला अकोल्याहून मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, बोलण्याच्या नादात सात वाजले. हे उठले आणि पुस्तक घेऊन बसले. त्या दिवशी अंगावरच्या चट्ट्यांचा अध्याय आला. याजकानं चट्टा पाहावा, त्यातला केस पांढरा झाला का ते पाहावं, माणसाला सात दिवस कोंडून ठेवावं आणि मग पुन्हा पाहावं. अध्याय लांबलचक होता आणि हे सावकाश वाचत होते. मुलाची आई हळूच आपल्या कोपराकडे पाहायला लागली. मी दात आवळून म्हटलं, "अवो, आज एखादं स्तोत्र घ्या ना." त्यांनी वर पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आपल्याले आवडते तेवढंच देवाचं, अन् बाकीचं कोनाचं? निवडत बसलो तं आपन आपलंच आयकत बसू." आणि चट्टे पुढे सुरू केले. लग्न जमलं, ती गोष्ट वेगळी. जावई अजूनही मला त्यावरून चिडवतात.

हल्ली आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण पोरं उपासना म्हटलं की गिटार काढतात, ड्रम काढतात, माइकचा आवाज पार रस्त्यापर्यंत नेतात. मला त्याचं वावडं नाही. मीही टाळ्या वाजवते, आणि गुडघे दुखत नसले तर थोडी डोलतेही. पण कुणी मला विचारलं की बाई, उपासना म्हणजे काय, तर मी सात वाजता बसणं असंच सांगेन. गावंसं वाटत असलं तरी बसायचं, गावंसं वाटत नसलं तरी बसायचं. देव काय बोलला ते ऐकायचं, समजलं नाही तरी ऐकायचं, आणि उठून पोळ्या लाटायच्या. हे मी आज छातीठोकपणे सांगते. तेव्हा सांगू शकत नव्हते, कारण त्याच सात वाजण्यावरून माझ्या मनात या माणसाविषयी एक अढी होती.

आमचं पहिलं लेकरू गेलं. मुलगा होता, वर्षाचाही झाला नव्हता, नुकता रांगायला लागला होता. ताप आला तो आठवडाभर उतरलाच नाही. त्या आठवड्यात हे दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर पडून असायचे. चहाशिवाय पोटात काही घेतलं नाही. सासूबाई डबा आणायच्या आणि तसाच परत न्यायच्या. आमचं लेकरू सकाळी गेलं आणि दुपारी कबरस्थानात त्याला मातीत ठेवून आलो. घरी आल्यावर यांनी आंघोळ केली. धुतलेला शर्ट घातला. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, माझ्या अंगात पाणी मागायचंही बळ नव्हतं. आणि सात वाजता बाहेरच्या खोलीतून मला यांचा आवाज ऐकू आला. वाचत होते. रोज वाचायचे तसेच, एका सुरात, कुठं अडखळणं नाही की कापरेपण नाही. मग ताट ठेवल्याचा आवाज आला, आणि आठ दिवस उपाशी असलेला तो माणूस त्या दिवशी जेवला.

मी ते विसरले नाही. का विसरावं? ज्या देवानं सकाळी लेकरू नेलं त्याचं पुस्तक हा माणूस संध्याकाळी उघडतो कसा, आणि घास घशाखाली उतरतो कसा? पुढे कित्येक महिने मी प्रार्थनेला बसलेच नाही. यांनी मला एकदाही बोलावलं नाही, पण आतल्या खोलीचं दार उघडं ठेवून वाचायचे. मग मी एक दिवस उंबऱ्यावर येऊन बसले, नंतर चटईवर. दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, सासरी गेल्या. पण माझा स्वभाव असा, की राग नाकावर आणि तोंड त्याच्याही पुढे. जरा भांडण पेटलं की मी तो सवाल काढायचे. भाजीत मीठ कमी पडलं यावरून सुरू व्हायचं आणि त्या संध्याकाळवर जाऊन थांबायचं. "तुमी बसले कसे त्या दिवशी? तुमाले काई लागतच नाई का?" हे ऐकायचे आणि गप्प राहायचे. उत्तर कधीच दिलं नाही. या माणसाच्या छातीत विश्वास आहे की नुसता दगड आहे, एवढं मला मरायच्या आधी कळायला हवं होतं. दुसरं काही मी मागत नव्हते.

रिटायर झाल्यावर यांच्या डोळ्यांनी दगा दिला. शुगर जुनी, आणि पथ्याच्या बाबतीत मात्र कंडक्टर साहेबांचा कायदा ढिला. आधी वाचताना ओळ सुटायला लागली. मग भिंग आलं. मग आम्ही बल्ब काढून मोठा ट्यूबलाइट बसवला, चटई त्याच्या खाली सरकवली. तरी कधीकधी वाचता वाचता थांबायचे आणि पान नाकाला लावायचे. डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं होतं. अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर मीच तोंड फिरवायचे, पण हे खुर्चीत सरळ बसायचे. मग ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरनं बोटं दाखवली, टॉर्च दाखवला, आणि टॉर्च बाजूला ठेवून दिला. यांनी एकच विचारलं, "वाचता येईन का?" डॉक्टर भला माणूस होता. खोटं बोलला नाही. उजेड आणि सावली एवढं राहील म्हणाला, अक्षर नाही.

येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून देवाशी भांडत आले. घे म्हटलं, माझं काहीही घे. माझी जीभ घेतली असतीस तर शेजारपाजाऱ्यांनी तुझे आभार मानले असते. पण याचे डोळे? जो माणूस रोज तुझंच पुस्तक वाचतो त्याचेच डोळे तुला सापडले? मी मनातल्या मनात नाही, ओठ हलवून बोलत होते. बाजूला बसलेले हे म्हणाले, "आपलं दर्यापूर गेलं का?" म्हटलं, गेलं. "मंग सातपर्यंत पोचू," असं म्हणून शांत बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा तेच. लेकराच्या वेळी तेच आणि डोळ्यांच्या वेळीही तेच. एक शब्द तक्रार नाही.

घरी पोचलो तेव्हा सात वाजायला आले होते. यांनी हातपाय धुतले, चटईवर बसले, पुस्तक मांडीवर घेतलं. फीत बोटांनी शोधून पान उघडलं. तळहात पानावरून एकदा फिरवला. मग पुस्तक दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर धरलं, म्हणजे त्यांना वाटलं मी तिथं आहे. मी दुसऱ्या बाजूला होते, पुस्तक कपाटापुढे धरलं होतं. मी उठून तिकडे गेले आणि ते घेतलं.

"वाच," म्हणाले.

मी सातवी पास. पुढे शिकवायला बापाजवळ नव्हतं असं नाही, पण मलाच अभ्यासापेक्षा चुलीची आवड होती. घरगुती डब्यांचा धंदा मी एकटीनं उभा केला, आजही कॉलेजच्या पोरांचे डबे माझ्याकडून जातात. तोंडी हिशेब मला कुणी शिकवू नये. पण शास्त्रातली मराठी वेगळी. तिथं माणसं आमच्या बोलीतल्यासारखी ‘येऊन’ नाही राहत, ‘येती’ होतात. राजांची नावं तर जिभेला गाठ मारतात. पहिल्या दिवशी एक अध्याय वाचायला मला जेवणाच्या वेळेपर्यंत लागलं. पुण्याला दिलेल्या धाकट्या मुलीला कळलं तेव्हा तिनं मोबाइलवर काहीतरी टाकून दिलं. बटन दाबलं की एक माणूस बायबल वाचतो, छान आवाज, मागे मंद संगीत. मी म्हटलं, सुटले. यांनी एक संध्याकाळ ऐकलं आणि म्हणाले, "वाचते चांगला. पन तो आपल्या घरचा नाई." दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा माझ्या हातात.

मग रोज आमची जुंपायची. मी वाचायचे, हे दुरुस्त करायचे. एकदा नुसत्या नावांचा अध्याय आला. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका. गॅसवर कुकर, तिकडे डबे भरायचे राहिलेले, आणि इथं मेलेल्या माणसांची रांग संपेना. एक अवघड घोळका आला तिथं मी सरळ पुढच्या ओळीवर गेले. यांनी हात वर केला. "मधातले तिघं राह्यले."

"अवो, मरून जमाना झाला त्याईले."

"मेले म्हून काय झालं? त्याईच्या मायनं ठेवलं होतं ते नाव."

मी मागे जाऊन ते तिघंही वाचले. त्या दिवसापासून मी एक अक्षर गाळलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. इतकी वर्षं ऐकून ऐकून सगळं कानात बसलेलं होतं. डोळा शब्दावर जायच्या आधी पुढचं वाक्य कानात वाजायचं, त्यामुळे वाचणं सोपं होत गेलं. काही दिवसांनी यांचा हात वर येणं कमी झालं.

आमच्या मागे एक भाजीवाल्यांचं घर आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते स्वतः पिकवतात आणि स्वतः विकतात. त्या घरची बाई माझ्याच वयाची. उद्याच्या डब्यांची भाजी ती संध्याकाळी आणून देते. पिशवी ठेवून जायची, पण मी वाचायला लागल्यापासून ती दारातल्या पायरीवर टेकायला लागली. तिचं माहेर मोझरीच्या बाजूचं. तिकडे गावात संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थनेला बसतात, म्हणून कुणी वेळेवर देवासमोर बसलं असलं की मधे बोलायचं नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक. आमच्या पुस्तकाला ती पोथी म्हणते. नियमांचे अध्याय चालू होते तेव्हा ती जांभया द्यायची. राजांच्या गोष्टी लागल्या तशी रोज अर्धा तास आधी यायला लागली, आणि सात वाजता मला म्हणायची, "चाला वैनी, काढा पोथी. कालचं अर्धवट राह्यलं."

तर त्या राजाची गोष्ट चालली होती. मोठा राजा, देवाचा लाडका. पण त्याचं मन दुसऱ्याच्या बायकोवर गेलं, तिला वाड्यावर आणलं, आणि तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे ठेवून मारवलं. शेजारीण पायरीवर बसून ओठ चावत होती. तो अध्याय संपला, तिनं जाताना त्या राजाला दोन शिव्या दिल्या आणि उद्या काय होते ते पाहतेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गीत झालं, मी फीत काढली. हे म्हणाले, "आज त्याच्या पुढचा घे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हनता?"

"हा राहू दे. पुढचा वाच."

चाळीस वर्षांत या घरात कुणी हे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पाहुण्यांसमोर चट्टे वाचणारा माणूस हा. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मान खाली, बोटं शर्टाच्या बटनाशी. मी काही विचारायच्या आधी पायरीवरून आवाज आला. "कावून जी भाऊ? मधातलं कावून सोडता? त्या मेल्याले शिक्षा भेटली का नाई ते तं समजू द्या."

"बरोबर बोलून राह्यली ते," मी म्हटलं. "कायदा म्हनजे कायदा." आणि वाचायला सुरुवात केली.

यांनी शर्टाचं बटन मुठीत धरलं.

सुरुवातीला देवाच्या माणसानं राजाला सांगितलेली गोष्ट होती, श्रीमंतानं गरीब माणसाचं एकुलतं कोकरू हिसकावल्याची. ती मला रविवारच्या उपासनेतून माहीत होती. आमचे पाळकसाहेब दरवर्षी सांगतात. राजाला आपलं पाप कळतं, तो रडतो, आणि पाळकसाहेबांचा उपदेश तिथं संपून दानाची पिशवी फिरते. शेजारणीनं राजा पकडला गेल्यावर मांडीवर हात मारला. मी पान उलटलं आणि पुढे गेले. त्या राजाचं त्या बाईपासून झालेलं लेकरू आजारी पडलं.

दोन ओळी वाचल्यावर माझ्या ध्यानात आलं की पुढचं वाक्य माझ्या कानात वाजत नाहीये. एकही शब्द ओळखीचा नव्हता. साऱ्या पुस्तकात अशी जागा मला लागली नव्हती. मी अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेले. राजा लेकरासाठी देवाजवळ रडला. जमिनीवर पडून राहिला. घरची मोठी माणसं त्याला उठवायला आली, तो उठला नाही, जेवला नाही. सातव्या दिवशी लेकरू गेलं. चाकरांची त्याला सांगायची हिंमत होईना, ते आपसात कुजबुजायला लागले, आणि त्या कुजबुजीवरून राजाला समजलं. मग राजा जमिनीवरून उठला. त्यानं आंघोळ केली. अंगाला तेल लावलं, कपडे बदलले. देवाच्या घरात गेला आणि देवाला दंडवत घातलं. मग घरी आला, जेवण मागितलं, आणि जेवला.

माझं बोट तिथंच थांबलं.

"जेवला?" शेजारीण म्हणाली. तिनं डोक्यावर पदर घेतला होता. "लेकरू गेलं अन् तो जेवला? कसा माणूस म्हनावा हा?"

तिला आमचं काही माहीत नव्हतं. आमचं लेकरू गेलं तेव्हा ती या गल्लीत राहायलाही आली नव्हती. माझा सवाल ती माझ्या तोंडावर मलाच विचारत होती, आणि पुढच्या ओळीत त्या राजाचे चाकरही त्याला तोच विचारत होते. मी राजाचं उत्तर वाचलं. लेकरात जीव होता तोवर मी रडलो, उपाशी राहिलो, देवाला दया येईल म्हणून. आता ते गेलं. मी काय त्याला परत आणू शकतो? मीच एक दिवस त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे येणार नाही.

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. शेजारीण आमच्या दोघांकडे पाहून काय समजली कोण जाणे. ती उठली, भाजीची पिशवी दाराच्या आत सरकवली आणि गेली.

"हा अध्याय किती वेळा सोडला?" मी विचारलं.

"दर फेरीले."

"कावून?"

"तुह्या तोंडाकडे पाहून वाचवत नव्हता." मग म्हणाले, "आज तोंड नाई दिसलं. पन आवाज आयकू येते ना. म्हून म्हटलं राहू दे."

मला राग आला. का येऊ नये? इतकी वर्षं मी या माणसाला दगड म्हणत आले, आणि याच्याजवळ त्याचं उत्तर होतं, तेही शास्त्रात लिहिलेलं. मी म्हटलं, "म्या तुमाले एवढं बोलत आली. एक दिवस हे पान उघडून पुढ्यात टाकाचं होतं. म्हनाचं होतं, पाह्य, राजानंबी हेच केलं. माह्या तोंडाले कुलूप लागलं असतं."

"ते काय भांडनात जिंकाले लिवलं हाय?" हे म्हणाले. आवाज चढवला नाही, पण कंडक्टरचा आवाज होता तो. "अन् मी कुठचा राजा? राजाजवळ बळ होतं, तो उठून गेला देवाच्या घरात. माह्याजवळ काईच नव्हतं वं. त्या दिवशी दुसरं काय कराचं ते समजे ना. सात वाजले, म्हून बसलो. मायनं ताट ठेवलं, म्हून जेवलो."

"बसले अन् वाचलं. म्या आयकलं. एका जागी अडखळले नाई तुमी."

मला वाटलं, हे नेहमीसारखे गप्पच राहतील. मग म्हणाले, "वाचलं कुठं? एक अक्षर दिसे ना डोळ्याले. पान नुसतं उघडं होतं. लहानपनी रविवारच्या शाळेत पाठ केलं होतं, तेच बोलत राह्यलो."

"मंग रडाचं होतं ना," मी म्हटलं. "आवाज तरी फुटू द्याचा होता. मले समजलं असतं."

"तू आतमंदी होती," हे म्हणाले. "भिंतीपलीकून आयकून राह्यली होती. माहा आवाज पडला असता, तं तू कशाले धरलं असतं?"

मी रडले. ते सांगायला मला लाज नाही. त्या दिवशी भिंतीला टेकून रडले नव्हते तेवढं चटईवर बसून रडले, आणि यांनी चाचपत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. बाहेर रात्रीचे डबे न्यायला आलेला पोरगा सायकलची घंटी वाजवून थकला असेल. मी उठले नाही.

अध्याय अजून संपला नव्हता. खाली बऱ्याच ओळी उरल्या होत्या. त्या राजाराणीला दुसरं लेकरू झालं, ते देवाला फार आवडलं, आणि नंतर कुठल्याशा शहराची लढाई होती, पाण्याचा ताबा घेतल्याची, मुकुटाच्या वजनाची. आमच्या दुःखाशी तिचा काही संबंध नव्हता. हे म्हणाले, "राहू दे आज, उद्या वाच." मी चष्मा पुसला, पुस्तक उचललं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मोठ्यानं वाचलं. आवाज पडू दिला नाही.